कीबोर्डवर कॉर्ड कशा बनवायच्या: दर मे महिन्यात आणि दर गणपतीच्या आधी मला विचारले जाणारे तेच ते प्रश्न

आधी थोडं. मी सिंधुदुर्गातल्या एका गावात भजनी मंडळात वाजवतो, मे महिन्याच्या सुट्टीत पडवीत चार पोरांना शिकवतो. मुंबईहून चाकरमानी आले की सोबत पोराचा कीबोर्ड आणतात आणि म्हणतात, याला जरा गणपतीपर्यंत आरत्यांपुरतं तयार करा. त्या सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. क्रमाने वाचलंत तर बरं, नाही वाचलंत तरी चालेल, पण पट्ट्या मोजायचा प्रश्न मात्र सोडू नका.

कॉर्ड म्हणजे नक्की काय?

तीन किंवा जास्त सूर एकदम दाबले आणि ते एकमेकांना धरून राहिले की झाली कॉर्ड. बस. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, ग आणि प एकदम वाजवा, ती मेजर कॉर्ड. चाल म्हणजे गाणारा जे गातो ते, एकामागून एक येणारे सूर. कॉर्ड ही त्या चालीखाली घातलेली जमीन. जमीन बदलली की वरचा तोच सूर वेगळा वाटतो, आणि कॉर्ड शिकण्यातली खरी गंमत तिथेच आहे.

मला पेटी येते. मग कॉर्ड येणारच ना?

अर्धं काम झालंय तुमचं, पण उरलेल्या अर्ध्यात पेटीवालेच जास्त अडकतात. कारण पेटीवर एक हात भात्याला असतो आणि दुसरा गाणाऱ्याच्या मागे धावतो, त्यामुळे सवय अशी पडते की बुवा जे गातील ते आपण वाजवायचं. कॉर्ड वाजवताना गाणाऱ्याच्या मागे धावायचं नसतं, चार-आठ मात्रा एकाच जागी शांत बसायचं असतं, आणि पेटीवाल्याला हे शांत बसणं फार जड जातं, मलाही गेलं, पहिलं वर्षभर माझा उजवा हात आपोआप चालीवर पळायचा. फायदा मात्र मोठा आहे, की तुमचा कान तयार असतो आणि पट्ट्यांचा अंदाज असतो.

सी, डी, ई म्हणजे आमची कुठली पट्टी?

पांढरी एक म्हणजे सी. तिथून पांढऱ्या सात ओळीने सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. एकूण १२, मग परत सी. कीबोर्डवर सी शोधायचा तर दोन काळ्यांची जोडी बघा, तिच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे सी. तीन काळ्यांच्या डावीकडची असते ती एफ, पोरं पहिल्या दिवशी हमखास तिलाच सी म्हणतात.

एक गोंधळ आधीच मिटवू. आपण पट्टी हा शब्द दोन अर्थांनी वापरतो, बोटाखालची पट्टी आणि "बुवा काळी चारमध्ये गातात" यातली पट्टी. खाली मोजायला सांगतोय त्या बोटाखालच्या पट्ट्या.

मेजर कॉर्ड कशी बनवायची?

कुठलीही पट्टी घ्या. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून चार पट्ट्या उजवीकडे जा, ती दुसरी. तिथून परत तीन पट्ट्या उजवीकडे जा, ती तिसरी. तिन्ही एकदम दाबा. चार आणि तीन, हे दोन आकडे लक्षात राहिले की बाराच्या बारा मेजर कॉर्ड तुमच्या.

आता चूक कुठे होते ते सांगतो कारण दहातले आठ जण इथेच चुकतात. सुरुवातीची पट्टी मोजायची नाही. कुडाळ स्टँडवर एसटीत बसलात आणि चौथ्या थांब्यावर उतरायचंय, तर कुडाळ स्टँडला पहिला थांबा म्हणता का? नाही ना, गाडी सुटल्यावर पुढचा जो येतो तो एक. तसंच. सी वर बोट ठेवलंत, गाडी सुटली: काळी एक हा १, डी हा २, काळी दोन हा ३, ई हा ४. उतरा. ई वरून परत: एफ १, काळी तीन २, जी ३. उतरा. सी, ई, जी. गेल्या सुट्टीत एक नववीतला पोरगा तीन दिवस सी, डी शार्प, एफ वाजवत होता आणि म्हणत होता काका हे कडू लागतंय, कडू लागणारच, तो बसलेला स्टँडच मोजत होता, दोन्ही वेळा.

ई आणि एफ यांच्यामध्ये काळी नाही, बी आणि सी यांच्यामध्येही नाही, तिथे मोजताना घाई करू नका, रिकाम्या जागेत मनाने एक काळी घालून मोजणारेही पाहिलेत.

आता डी वरून करून बघा. चार पुढे म्हणजे काळी तीन, तिथून तीन पुढे म्हणजे ए. बरोबर आलं? मग ए वरून, मग काळी पाच वरून करा. कागदावर लिहू नका, बोटाने मोजा.

हेच तीन सूर गोड का लागतात, असं एका मुलीने विचारलं होतं, चांगला प्रश्न होता. सूर म्हणजे हवेची कंपनं, आणि सा, ग, प यांच्या कंपनांचं नातं साधारण ४:५:६ असं सोपं असतं, म्हणून ते एकमेकांत मिसळतात. साधारण म्हणालो, त्याचं कारण खाली रागाच्या प्रश्नात येईल.

आणि मायनर?

आकडे उलटे करा. आधी तीन, मग चार. सी, डी शार्प, जी. म्हणजे बाहेरची दोन बोटं जागच्या जागी आणि मधलं बोट एक पट्टी डावीकडे, शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार. फरक एका पट्टीचा, परिणाम केवढा. आमच्या मंडळातले जुने पेटीवाले बुवा, पंच्याहत्तरीचे, एकदा मी कॉर्ड धरून बसलो होतो तेव्हा बाजूला तांबूल लावत बसले होते. मी मेजर वाजवत होतो, मधलं बोट मुद्दाम मागे घेतलं. बुवांचा हात थांबला. म्हणाले, "आता ती रडता कित्याक?" यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठे मिळालेली नाही. तेव्हापासून पोरांना डोळे मिटून बसवतो आणि विचारतो, हसता की रडता? आठवडाभर रोज पाच मिनिटं हे करा, कोणाला तरी वाजवायला सांगा, तुम्ही फक्त ओळखा.

चार्ट पाठ करू का? नेटवर २४ कॉर्डांचा फोटो मिळालाय.

भिंतीला लावा हवं तर, पाठ करू नका. १२ मेजर आणि १२ मायनर म्हणजे २४ बरोबर आहे, पण हाताला २४ वेगळ्या गोष्टी लक्षात ठेवाव्या लागत नाहीत कारण त्यांचे आकार सारखे असतात. मेजरमध्ये सी, एफ, जी या तिन्ही पूर्ण पांढऱ्या. डी, ई, ए या तिघींत मधली काळी. काळी एक, काळी दोन आणि काळी चार या तिघींत बरोबर उलटं, बाहेरच्या काळ्या आणि मधली पांढरी. राहिल्या तीन: काळी तीनची पूर्ण काळी, काळी पाचची पहिली काळी आणि मग दोन पांढऱ्या, आणि बी ची पहिली पांढरी आणि मग दोन काळ्या. या तीन जरा तुसड्या आहेत, त्या नंतर बघू.

मायनरमध्ये डी, ई, ए पूर्ण पांढऱ्या आणि सी, एफ, जी मध्ये मधली काळी, म्हणजे त्याच सहा जणींनी साड्या बदलल्या. बाकीच्या मोजून काढा, मोजायला येतंय ना आता.

बोटं कुठली लावायची? मला तर तर्जनीच बरी वाटते.

पेटीची सवय. उजव्या हाताचा अंगठा १ धरा, करंगळी ५. साध्या कॉर्डला १, ३, ५, म्हणजे अंगठा, मधलं बोट, करंगळी. हाताची ठेवण मध्यम आकाराचा हापूस धरल्यासारखी, दाबायचाही नाही आणि पडूही द्यायचा नाही. मनगट पट्ट्यांच्या खाली लोंबकळू देऊ नका. ज्या कॉर्डमध्ये मधली काळी आहे तिथे अख्खा हात थोडा आत सरकवा म्हणजे बोट ताणावं लागत नाही. नखं कापा, टकटक माईकमध्ये येते.

तिन्ही पट्ट्या एकाच वेळी लागल्या पाहिजेत. सुरुवातीला करंगळी मागे राहते आणि "त-रं-ग" असा आवाज येतो, तेव्हा हळू करा, बोटं आधी नुसती पट्ट्यांवर टेकवा आणि मग हाताच्या वजनाने दाबा.

एक कॉर्ड येते, पण दुसरीवर जाईपर्यंत आरती पुढे निघून जाते. काय करू?

हा खरा प्रश्न. सी वरून एफ वर जायचं म्हणून तुम्ही अख्खा हात उचलून पलीकडे नेता, मग शोधता, मग दाबता. गरजच नाही. कॉर्डमधले तीन सूर महत्त्वाचे, त्यातला कुठला खाली आणि कुठला वर याला मोकळीक आहे. सी, ई, जी वाजवा किंवा ई, जी, सी किंवा जी, सी, ई, कॉर्ड सी मेजरच राहते. याला इन्व्हर्जन म्हणतात, मी उलटापालट म्हणतो.

आता बघा. हात सी, ई, जी वर आहे. एफ कॉर्डचे सूर एफ, ए, सी. त्यात सी आहेच की! अंगठा सी वरच राहू द्या, मधलं बोट ई वरून शेजारच्या एफ वर, करंगळी जी वरून ए वर. झाली एफ. परत सी वर या. आता जी कॉर्ड: जी, बी, डी. करंगळी जी वरच राहू द्या, अंगठा सी वरून खाली बी वर, आणि डी ला दुसरं बोट, तर्जनी. झाली जी. हात एका जागी, फक्त बोटं कुजबुजल्यासारखी हलली. ए मायनर तर आणखी सोपी, सी आणि ई तसेच ठेवायचे आणि नुसती करंगळी जी वरून ए वर.

या चार कॉर्ड, सी, जी, ए मायनर, एफ, अशा गोल फिरवत बसा, प्रत्येकीला चार मात्रा, मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं अ‍ॅप, मिनिटाला ६० वर लावून. कंटाळा येईल. येऊ द्या. दुसऱ्या कॉर्डची तयारी चौथ्या मात्रेवर नाही, तिसऱ्यालाच मनात करायची, आणि उशीर झालाच तर चुकलेली कॉर्ड सोडून पुढची पकडा, थांबून दुरुस्त करत बसू नका, आरतीत झांजा तुमच्यासाठी थांबत नाहीत.

डाव्या हाताने काय करायचं?

सुरुवातीला एकच पट्टी, जिचं नाव कॉर्डला आहे ती. उजव्यात सी मेजर तर डाव्यात खाली सी. उजव्या हाताने कितीही उलटापालट केली तरी डावा हात जमीन सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला चुकल्यासारखं वाटत नाही. डाव्या हाताने खालच्या सप्तकात तिन्ही सूर जवळजवळ दाबू नका, पावसात खाडीचं पाणी होतं तसा गढूळ आवाज होतो. फार तर सा आणि प.

कीबोर्डवर एका बोटाने पूर्ण कॉर्ड वाजते, ताल पण वाजतो. मग तीन बोटं कशाला?

लबाडी नाही ती, सोय आहे, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मीही वापरलीय. फक्त ती कंपनीगणिक बदलते हे माहीत असू द्या. कॅसिओच्या पद्धतीत एक पट्टी दाबली की मेजर, तिच्या उजवीकडची अजून एक कुठलीही दाबली की मायनर, उजवीकडच्या अजून दोन दाबल्या की सेवन (हा कॉर्डचा आणखी एक प्रकार, खाली येईल). यामाहाच्या पद्धतीत मायनरसाठी डावीकडची जवळची काळी सोबत दाबायची आणि सेवनसाठी डावीकडची जवळची पांढरी. एकावर शिकून दुसऱ्याच्या कीबोर्डवर बसलात तर भर कार्यक्रमात तोंडघशी पडाल. चार आणि तीन मात्र सगळीकडे चार आणि तीनच.

जाता जाता, आमच्याकडे कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, त्याला कॅसिओच म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. कॅसिओटोन नावाने त्यांनी कीबोर्ड काढायला सुरुवात केली १९८० साली, आणि नंतर गल्फमधून आलेल्या मंडळींच्या बॅगांतून ते गावात उतरले, माझा पहिला तसाच आला, मामाचा.

बुवा काळी एकमध्ये गातात आणि मला फक्त पांढऱ्यावर येतं. ट्रान्सपोज वापरलं तर चालेल?

वापरा बिनधास्त. काळी एक म्हणजे अधिक १, पांढरी दोन म्हणजे अधिक २, काळी पाच हवी असेल तर वजा २ करा, अधिक १० करण्यापेक्षा ते बरं. तुम्ही सी च दाबायचा, आवाज त्यांच्या पट्टीत येतो. पण कार्यक्रम झाला की शून्यावर आणायला विसरू नका. मी एकदा पहिल्या भजनाला अधिक १ ठेवलं आणि मध्ये गाणारे बदलले, नवीन बुवा पांढरी एकमध्ये, पेटी पांढरी एकमध्ये, आणि मी एक पट्टी वर, पहिल्या कॉर्डलाच असा काही आवाज आला की पखवाजवाल्याचा हात हवेत राहिला. डबलबारीला, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याला, समोरचं मंडळ अशा वेळी सोडत नाही, पुढच्या गजरात माझ्यावर दोन ओळी आल्याच.

चाल माहीत आहे, पण कुठल्या सुराखाली कुठली कॉर्ड घालायची हे कसं कळतं?

सा पांढरी एक धरू आणि सगळे सूर शुद्ध. मग तुमच्याकडे घरच्या कॉर्ड अशा: सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर, आणि सातवी बी ची डिमिनिश्ड, ती सध्या कपाटात ठेवा. आता ओळीतला ज्या सुरावर मुक्काम आहे तो बघा, आणि तो सूर पोटात असलेली कॉर्ड निवडा. सा वर मुक्काम असेल तर सी, एफ किंवा ए मायनर. रे असेल तर जी किंवा डी मायनर. ग ला सी, ए मायनर, ई मायनर. म ला एफ किंवा डी मायनर. प ला सी, जी, ई मायनर. ध ला एफ, ए मायनर, डी मायनर. नी ला जी किंवा ई मायनर.

दोन-तीन पर्याय असतील तर? वाजवून बघा आणि कान म्हणेल ते. साधा अंदाज असा की ओळ सुरू होते आणि संपते ती बहुतेक सी वर, आणि संपायच्या जरा आधी जी येते, कारण जी वर थांबलं की "अजून घरी पोचलो नाही" असं वाटत राहतं. प्रत्येक सुराला कॉर्ड बदलू नका. नवशिका ओळखायचा तर एवढंच बघावं, ओळीत आठ कॉर्ड बदलतो.

भजनात रागाच्या चालीवर कॉर्ड धरली की बुवा डोळे वटारतात. का?

कारण बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. भूप घ्या, सा रे ग प ध. यात म आणि नी नाहीत. तुम्ही सवयीने जी कॉर्ड दाबलीत की तिच्यात बी आहे, म्हणजे नी, आणि एफ दाबलीत की म. रागात नसलेला सूर तुम्ही मागच्या दाराने घुसवलात. भूपात पूर्ण बसणाऱ्या साध्या कॉर्ड दोनच, सी मेजर आणि ए मायनर. यमनात तीव्र म आहे, तिथे एफ चालणार नाही पण डी मेजर चालते, तिच्या पोटात तीव्र मध्यमच आहे. भैरवीत कोमल सूर, तिथे सी मायनर आणि एफ मायनर.

दुसरं कारण सुराचं. कीबोर्डमध्ये सप्तकाचे १२ सारखे तुकडे केलेले असतात, प्रत्येक तुकडा १०० सेंट (सेंट म्हणजे सुरांतलं अंतर मोजायचं माप). म्हणजे सा पासून ग ४०० सेंटवर. गळ्यातून तंबोऱ्याला लागणारा शुद्ध ग साधारण ३८६ वर असतो. कीबोर्डचा ग चढा, आणि कॉर्डमध्ये तो सतत वाजत राहतो, बारीक कानाच्या माणसाला ते टोचतं. पंचमाचं तसं नाही, ७०० आणि ७०२, तिथे कोणी भांडत नाही. म्हणून अभंग संथ असेल तर मी मधलं बोट सरळ उचलतो, नुसते सा आणि प धरतो. हसणारी नाही आणि रडणारीही नाही, फक्त उभी आहे. बुवा खूश. आरती, गजर, कोळीगीताच्या ढंगाच्या चाली, तिथे मात्र पूर्ण कॉर्ड घाला, मजा येते.

सेवन, सस, डिमिनिश्ड कधी शिकू?

वरचं हातात बसल्यावर. सेवन म्हणजे मेजरच्या वर अजून तीन पट्ट्या पुढची चौथी, जी, बी, डी वर एफ, घरी जायची ओढ वाढते. सस फोर म्हणजे मधलं बोट मेजरपेक्षा एक पुढे, पाच आणि दोन. डिमिनिश्ड तीन आणि तीन. पुरे.

किती पट्ट्यांचा घेऊ?

६१. पाच सप्तकं आणि वर एक सी. लहान मुलांचे बारीक पट्ट्यांचे घेऊ नका, हाताचं माप बिघडतं. पट्टी हळू दाबली तर आवाज हळू येतो का ते दुकानात बघा, टच रिस्पॉन्स म्हणतात त्याला. पियानोच्या ८८ ची आपल्याला गरज नाही आणि टमटममध्ये ते बसणारही नाही.

आमच्याकडे खारी हवा, चार महिने पाऊस. कीबोर्ड टिकेल?

टिकेल पण काळजी पेटीपेक्षा जास्त. आत पट्ट्यांखाली रबराचे छोटे कॉन्टॅक्ट असतात, तिथे ओल आणि धूळ बसली की एखादी पट्टी दाबूनही वाजत नाही किंवा एकदम जोरात वाजते. समुद्राच्या बाजूच्या खिडकीखाली ठेवू नका. पावसाळ्यात कपड्याने झाकून वर प्लास्टिक, असं करतात लोक, पण प्लास्टिकखाली दमट कोंडतं आणि बुरशी येते, नुसता सुती कपडा घाला आणि रोज वाजवा, त्यापेक्षा चांगलं औषध नाही. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. मुंग्या बघा, आत घर करतात.

लाईटचं तर बोलायलाच नको. बऱ्याच छोट्या मॉडेलांना सहा सेल लागतात, गणपतीत एक जादा सेट जवळ ठेवा. आणि अ‍ॅडॉप्टर खराब झाला म्हणून बाजारातून पिन बसते तो उचलू नका, व्होल्ट आणि पिनेची अधिक-वजा खूण दोन्ही जुळली पाहिजे. माझा एक कीबोर्ड असाच गेला, ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री, दुकानदार म्हणाला सगळ्यांना चालतो, लावला, एक बारीक वास आला, झालं. त्या वर्षी आरत्या परत पेटीवरच.

किती दिवसांत आरतीला बसता येईल?

रोज वीस मिनिटं, खरोखर रोज, तर सहा-सात आठवड्यांत तीन-चार कॉर्डवर आरती धरता येते, माझ्याकडच्या पोरांवरून सांगतोय. रविवारी एकदम दोन तास केलेत तर दिवाळी येईल.

घरचे कंटाळलेत, तेच तेच चार सूर ऐकून.

मागे हेडफोनचं भोक असतं.